रिश्टर, ग्रे आणि माळवद

आमच्या थोरल्या चुलतभावाच्या उशाखाली एक गुळगुळीत रंगीत कागद सापडला. आरोग्य शिबिरात वाटलेला. पुढच्या बाजूला पांढऱ्याशुभ्र यंत्राचा फोटो, हसरी नर्स आणि तीन ओळी. नव्या यंत्राची पॉवर जुन्याच्या दहापट. जुन्या यंत्राने भाजतं, नव्याने नाही. दुष्परिणाम शून्य. मागची बाजू कोरी. शिबिर कुणाचं, रुग्णालय कुठलं, हे मी लिहिणार नाही. असले कागद एकाच ठिकाणी छापले जात नाहीत, आणि माझं भांडण त्या तीन ओळींशी आहे.

भाऊंच्या घशात गाठ होती. चाळीस वर्षांच्या तंबाखूने केलेली वसुली. दोन-दोन ग्रेच्या पस्तीस सिटिंग ठरल्या होत्या, त्यांतल्या अठरा झाल्या होत्या. अठरावी झाली आणि ते उपचार अर्धवट टाकून किल्लारीला परत आले. रस्त्याकडेचा एक एकर विकायला काढला आणि कागदावरच्या यंत्राकडे निघाले. मी अडवलं तर म्हणाले, "आरं, तिथली मशीन जुनी हाय. नुसती भाजूलालीय. नवी एकदम पॉवर लावती म्हनं."

हा कागद दुसरीकडे कुठेही खपला असता तर मी समजू शकलो असतो. किल्लारीत खपायला नको होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक नुकते आडवे झालेले असताना, तीन वाजून छप्पन मिनिटांनी इथे जमीन हलली. भूकंप ६.२ तीव्रतेचा. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १७ जानेवारी १९९४ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७चा धक्का बसला. या मोजपट्टीवर अर्धा अंक वाढला की ऊर्जा पाचपटीहून जास्त होते. तिथे माणसं गेली साठेक.

म्हणजे जास्त पॉवरच्या भूकंपाने कमी मारलं. का, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, सांध्यात चुना नाही, नुसता चिखल, आणि वर दरसाल मातीचा नवा थर चढत गेलेलं माळवद. ज्यांच्या माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, त्यांच्यातले काही भिंती पडूनही वाचले. गावकुसाबाहेरच्या कुडाच्या झोपड्या तर बऱ्याचशा उभ्याच राहिल्या. धक्का तोच, मिनिट तेच. वरचा आकडा जमिनीतून किती ऊर्जा सुटली एवढंच सांगतो. भिंतीचं काय झालं हे भिंतीपाशी जाऊनच मोजावं लागतं, आणि म्हणून भूकंपवाले त्यासाठी वेगळी मोजपट्टी ठेवतात. हा धडा ज्या गावाने एवढी किंमत मोजून गिरवला, त्या गावात "दहापट पॉवर" या दोन शब्दांवर एक एकर जमीन गेली.

किरणोपचारात रिश्टरच्या जागी ग्रे आहे. लुई हॅरॉल्ड ग्रे या इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव १९७५ साली या एककाला दिलं गेलं. एक किलो ऊतीत किरणांची एक जूल ऊर्जा जिरली की झाला एक ग्रे. आता थोडा हिशेब. सत्तर किलोच्या माणसाच्या सगळ्या अंगावर चार ग्रे पडले तर एकूण २८० जूल जिरतात. त्याने अंगाचं तापमान अंशाच्या जेमतेम हजाराव्या भागाने वाढेल. गरम चहाच्या एका घोटात याहून जास्त ऊब असते. आणि तरीही असे चार ग्रे एकदम अंगभर बसलेल्या माणसांपैकी साधारण निम्मी, उपचार मिळाले नाहीत तर, काही आठवड्यांत दगावतात.

आमच्याकडे रेडिएशनला "शेक" म्हणतात, नाहीतर "लाईट". दोन्ही शब्द मला आवडतात, पण शेक या शब्दाने फसगत होते. शेक म्हटलं की मनात तवा येतो, विस्तव येतो, आणि मग ज्याचा विस्तव मोठा तो शेक भारी असं गणित आपोआप जुळतं. इथे विस्तव नाहीच. किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून क्षणभर जगणारे तापट कण सुटतात आणि ते डीएनएच्या दोऱ्यावर जाऊन आदळतात. काही वेळा किरण थेटही आदळतो. एका ग्रेमागे एका पेशीत दोऱ्याच्या एकाच पदराला हजारभर चिरा पडतात. त्यांची फिकीर नसते, पेशी त्या लगेच सांधते. दोन्ही पदर एकाच जागी तुटण्याचे प्रकार मात्र चाळीसेकच होतात. पेशी मरणार की जगणार हे त्या चाळिसांवर ठरतं. ते सांधायला पेशीला वेळ मिळाला का, तिला प्राणवायू किती पोचत होता, ती विभागण्याच्या कुठल्या टप्प्यावर होती, यावर ठरतं. यातलं यंत्राच्या पाटीवर काहीच लिहिलेलं नसतं.

यासाठी १९२०च्या दशकातल्या पॅरिसमधले मेंढे आठवावेत. क्लोद रेगो नावाचा शास्त्रज्ञ किरणांनी मेंढे खच्ची करता येतात का ते पाहत होता. सगळा डोस एकदम दिला तर मेंढा खच्ची होण्याआधी वृषणावरची कातडीच सडायची. तोच मारा काही दिवसांत थोडा थोडा वाटून दिला, तर मेंढा खच्ची व्हायचा आणि कातडी टिकायची. धनगराच्या पोराला सांगितलं तरी समजेल असा हा प्रयोग, आणि आजचा सगळा किरणोपचार त्याच्यावर उभा आहे. वृषणातल्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशी कॅन्सरच्या गाठीसारख्या वागतात. कातडीखालचे, मज्जारज्जूचे, आतड्याचे सावकाश बदलणारे थर वेगळे वागतात, आणि वाटून दिलेला डोस ते बऱ्यापैकी सोसतात. म्हणून पस्तीस सिटिंग. यंत्रात जोर नाही म्हणून पस्तीस नव्हेत.

आता पॉवरवाल्यांना माझं एकच गणित. फुप्फुसातल्या लहान गाठीला जुन्या रिवाजाने ६० ग्रे देत, तीस सिटिंगमध्ये. नव्या अचूक पद्धतीने, जिला एसबीआरटी म्हणतात, ५४ ग्रे देतात, पण तीनच सिटिंगमध्ये. आकडा सहाने कमी झाला. परिणाम? डॉक्टर लोक वापरतात ते सूत्र अवघड नाही. एका सिटिंगच्या डोसला त्या ऊतीच्या गुणोत्तराने (मोठ्या सिटिंगचा तिला किती फटका बसतो याचं हे माप) भागा, एक मिळवा, आणि त्याने एकूण डोसला गुणा. गाठीसाठी हे गुणोत्तर साधारण १० धरतात. तीस सिटिंगच्या ६० ग्रेचा जैविक डोस येतो ७२. तीन सिटिंगच्या ५४ ग्रेचा येतो १५१. कमी ग्रेनी दुपटीहून जास्त काम केलं. यावर "बघा, नवी पद्धत भारी" असं कुणी म्हणेल, तर त्याने तेच सूत्र निरोगी ऊतीसाठी लावावं. तिथे गुणोत्तर साधारण ३. तीस सिटिंगचे येतात १००, तीन सिटिंगचे ३७८. गाठीवर दुप्पट आणि शेजाऱ्यावर पावणेचारपट. म्हणून ही पद्धत चालते ती शेजार जवळजवळ वाचवता आला तरच, गाठ लहान आणि कडेला असली तरच. २००६ साली अमेरिकेतल्या टिमरमन यांच्या गटाने दाखवून दिलं की छातीच्या मध्यभागी, मोठ्या श्वासनलिकांजवळ असलेल्या गाठींना अशा तीन सिटिंग दिल्या की गंभीर इजा फार वाढतात. यंत्र तेच, ग्रे जवळपास तेवढेच, गाठ काही सेंटिमीटर आत सरकलेली. (सिटिंगमागे इतका मोठा डोस असला की हे सूत्रही ताणलं जातं, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण दिशा कुणी उलटी सांगत नाही.)

उलट बाजूचं उदाहरण स्तनाच्या कॅन्सरचं. पूर्वी ५० ग्रे, पंचवीस सिटिंग, पाच आठवडे. ब्रिटनमधल्या स्टार्ट चाचण्यांनी ४० ग्रे, पंधरा सिटिंग, तीन आठवडे पुरेत हे दाखवलं. मग फास्ट-फॉरवर्ड नावाच्या चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०२० साली आले. २६ ग्रे, पाच सिटिंग, एक आठवडा. कॅन्सर परतण्याच्या बाबतीत ते तीन आठवड्यांच्या उपचाराहून उणे ठरले नाहीत. आमचा तो कागद ज्याच्या हातात आहे, त्याला २६ ग्रे म्हणजे अर्धवट उपचार वाटेल.

"भाजतं" या दुसऱ्या ओळीत पावशेर खरं आहे, म्हणून तिचं खंडन जरा जपून करायला हवं. जुनं यंत्र म्हणजे बहुतेक वेळा कोबाल्ट. त्यातला कोबाल्ट-६० आपोआप किरण सोडत असतो आणि दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, म्हणून स्रोत जुना झाला की तेवढ्याच डोससाठी रुग्णाला जास्त मिनिटं झोपून राहावं लागतं. नवं म्हणजे लिनॅक, विजेवर किरण तयार करणारं. दोघांचेही किरण एकाच जातीचे, आणि ग्रेला ग्रे लावला तर पेशीवरचा त्यांचा परिणाम व्यवहारात सारखाच. कोबाल्टचा किरण जास्त विषारी असतो हे साफ खोटं. फरक पडतो तो डोस कुठे सांडतो त्यात. कोबाल्टचा सगळ्यात जास्त डोस कातडीखाली अर्ध्या सेंटिमीटरवर पडतो, सहा एमव्हीच्या लिनॅकचा दीड सेंटिमीटरवर. कोबाल्टच्या झोताची कडही जरा पसरट. पोटासारख्या खोल जागी हा फरक मोठा. गळ्यासारख्या उथळ जागी बराच लहान. आणि पंचवीस-तीस सिटिंगनंतर गळ्याची कातडी काळी पडते, सोलते, तोंडात फोड येतात, ते लिनॅकवरही येतात. भाऊंचं तोंड अठराव्या सिटिंगला आलं होतं ते उपचार लागू पडण्याच्या वाटेवरचं होतं. त्यांना ते यंत्राचं पाप वाटलं. तिथे कुणीतरी बसून दोन मिनिटं समजावायला हवं होतं. ते झालं नाही, आणि ती दोन मिनिटं कागदाने घेतली.

आमच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र देशात घडवलं आणि २००५ साली खारघरच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये बसवलं. ज्या भागात वीज जाते, दुरुस्तीचा माणूस मुंबईहून यावा लागतो, तिथे रोज चालणारं कोबाल्ट हे महिन्यातून आठ दिवस बंद पडणाऱ्या लिनॅकपेक्षा पेशीच्या दृष्टीने बलवान आहे. हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलं आहे, कारण पुढे दिवसांचा हिशेब येणार आहे.

पण इथे दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही गप्प करायला हवं. आमचे एक शेजारी, जुने कार्यकर्ते, कागद बघून म्हणाले, "सगळे किरण सारखेच, हा नुसता धंदा आहे." अर्धं बरोबर, आणि म्हणूनच जास्त घातक. किरण सारखे असतील, पण ते कुठल्या अवयवावर किती पसरले यानेच जैविक परिणाम ठरतो, आणि तंत्र बदललं की नेमकं तेच बदलतं. पुरावा परदेशातून आणायची गरज नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलने पार्सर नावाची चाचणी केली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया झालेल्या तीनशे बायका. गर्भाशय काढलं की रिकाम्या जागेत आतडी खाली उतरतात आणि थेट किरणांच्या वाटेत येतात. निम्म्यांना साध्या त्रिमितीय पद्धतीने किरण दिले, निम्म्यांना आयएमआरटीने, रोज प्रतिमा बघून. आयएमआरटीत धातूच्या पातळ पात्या सरकवून झोताचे तुकडे करतात आणि आतड्याला वळसा घालतात. तीन वर्षांनी आतड्याचा मध्यम किंवा गंभीर त्रास साध्या पद्धतीत ४२.४ टक्के बायकांना, आयएमआरटीत २१.१ टक्के. कॅन्सर आटोक्यात राहण्यात फरक नाही. हा निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला.

हे आकडे नीट वाचावेत. शंभरातल्या एकवीस बायका रोजच्या जुलाबातून, कळांतून, शेतात कामाला असताना आडोसा शोधत पळण्यातून वाचल्या. हा धंदा नाही. आणि "नवं तंत्र गाठ जास्त मारतं" हे मात्र त्यातून कुठेही निघत नाही. गाठीवरचा डोस तोच होता, गाठीवरचा परिणाम तोच आला. टाटामधलीच डोक्या-मानेच्या कॅन्सरवरची साठ रुग्णांची छोटी चाचणी २०१२ साली आली. लाळग्रंथींचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास त्रिमितीय पद्धतीत ८९ टक्क्यांना, आयएमआरटीत ५९ टक्क्यांना. कॅन्सरवरचा ताबा आणि आयुष्य यांत ठळक फरक नाही. कोरड्या तोंडाने ज्वारीची भाकरी गिळून बघितली की लाळेची किंमत कळते. तरीही ५९ म्हणजे शून्य नव्हे, आणि "दुष्परिणाम शून्य" ही तिसरी ओळ इथेच पडते.

आयएमआरटीचीही एक किंमत असते, ती जाहिरातीत नसते. वळसे घालायचे तर झोत अनेक दिशांनी आणावा लागतो, आणि मग शरीराचा मोठा भाग हलक्या डोसने न्हाऊन निघतो. २००३ साली हॉल आणि वू यांनी अंदाज मांडला की दहा वर्षं जगलेल्या रुग्णांत किरणांमुळे होणाऱ्या दुसऱ्या कॅन्सरचं प्रमाण जुन्या पद्धतीत सुमारे १ टक्का असेल तर आयएमआरटीत १.७५ टक्के होऊ शकेल. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. साठीच्या माणसाने यावर झोप उडवून घेऊ नये. आठ वर्षांच्या पोराच्या बापाने जरूर विचारावं.

पोरांचा विषय निघाला की प्रोटॉन आलाच. आमचा भाचा पुण्यात नोकरीला आहे, त्याने सगळ्या घराला सांगून टाकलं की खरा उपाय तोच, बाकी सगळं जुनाट. प्रोटॉनची गंमत खरी आहे. एक्स-किरण शरीरातून आरपार जातो. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतो, थांबताना बहुतेक ऊर्जा तिथेच टाकतो आणि त्यापलीकडे जवळजवळ काहीच जात नाही. चेन्नईत २०१९ साली आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ साली ही सोय सुरू झाली. मेंदूच्या काही गाठींत पोराच्या सगळ्या पाठीच्या कण्याला किरण द्यावे लागतात. तिथे कण्यापुढचं हृदय, फुप्फुसं, आतडी वाचतात, आणि त्याबद्दल माझा काही वाद नाही.

वाद आहे तो "जास्त ताकदीचा" या शब्दाशी. प्रोटॉनचा एक ग्रे जैविकदृष्ट्या एक्स-किरणांच्या १.१ ग्रेइतका धरला जातो. दहा टक्के जास्त. दहापट नव्हे. शिवाय हा १.१ही सोयीसाठी सगळीकडे एकच धरलेला आकडा. प्रोटॉन थांबत जातो तसा तो डीएनएवर दाट मारा करतो, आणि वाटेच्या अगदी टोकाला हा आकडा १.७पर्यंत जाऊ शकतो असं प्रयोगशाळेतल्या मोजण्या सांगतात. ते टोक मज्जारज्जूवर किंवा मेंदूच्या बुंध्यावर आलं तर? म्हणून आखणी करणारे झोताचं टोक नाजूक अवयवावर येणार नाही अशी दिशा निवडतात. म्हणजे जिथे प्रोटॉन खरोखर जास्त मारक आहे, ती जागा गुणाची कमी आणि जोखमीची जास्त. भाच्याच्या वडिलांना प्रोस्टेटचा त्रास आहे, त्याच्यासाठी एवढंच. अमेरिकेतल्या पार्टिकॉल चाचणीत प्रोस्टेटच्या ४५० रुग्णांत प्रोटॉन आणि आयएमआरटी समोरासमोर ठेवले. २०२४ साली सांगितलेल्या निकालात आतड्याच्या तक्रारींत फरक दिसला नाही.

आता दिवसांचा हिशेब, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

गाठ मार खाताना गप्प बसत नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा वेगाने वाढायला लागतात. विदर्स यांनी १९८८ साली जुन्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा, की त्यानंतर लांबलेल्या प्रत्येक दिवसाला सुमारे ०.६ ग्रे त्या वाढीची भरपाई करण्यातच खर्च होतात. डेन्मार्कमध्ये हे उलट बाजूने तपासलं. तेच यंत्र, तेवढेच ग्रे, तेवढ्याच सिटिंग, पण आठवड्याला पाचाऐवजी सहा. उपचार एका आठवड्याने लवकर संपला. २००३ साली आलेल्या निकालात गाठ आटोक्यात राहण्याचं प्रमाण ६० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तोच प्रयोग विकसनशील देशांतल्या नऊशेवर रुग्णांवर केला. तिथेही ३०चे ४२ टक्के झाले. रुपयाचं नवं यंत्र नाही. शनिवारी दार उघडलं, एवढंच.

कुठल्या नव्या तंत्राने गाठीवर बारा टक्क्यांचा असा फायदा करून दिलाय, ते कागद छापणाऱ्यांनी दाखवावं. वर सांगितलेल्या टाटाच्या दोन्ही चाचण्यांत तो शून्याच्या आसपास आहे. शेजार वाचवण्याचं मोल मी नाकारत नाही, पण "लवकर आणि पुरतं मारणं" हा दावा करायचा असेल तर तो कॅलेंडरने करावा.

भाऊंचे सोळा दिवस गेले. एकराचं गिऱ्हाईक ठरण्यात पाच. मग नव्या जागी जुना मास्क चालत नाही, नवा साचा घ्यावा लागतो, नवं सीटी, नवी आखणी, पहिली नोंद मागवणं, मधे सुट्टी. सोळा गुणिले ०.६, साडेनऊ ग्रे. जवळजवळ पाच सिटिंगचं काम गाठीने फुकट परत मिळवलं. ज्या यंत्राने त्यांना भाजलं असं त्यांना वाटत होतं, त्याच्यावर आडवे पडून राहिले असते तर हे पाच वाचले असते. नव्या ठिकाणच्या डॉक्टरांचं श्रेय काढून घेणार नाही. त्यांनी नोंद बघून कपाळाला हात लावला, हिशेब पुन्हा मांडला, आणि काही दिवस सहा तासांच्या अंतराने दोन-दोन सिटिंग देऊन जमेल तेवढी भरपाई केली. त्यांच्या रुग्णालयाच्या कागदाबद्दल विचारलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघायला लागले.

या भागात असे दिवस जाण्याची कारणं यंत्राहून कितीतरी साधी असतात. सोयाबीनची काढणी. सोबतीला माणूस नाही. एसटीचा संप. रक्त कमी म्हणून सिटिंग थांबली. मध्येच आलेले सणवार. रक्ताची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण प्राणवायू कमी पोचलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो, आणि आमच्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन किती असतं हे प्रत्येक आशाताईला माहीत आहे. रक्त भरलं की सगळं सुधारतं असंही सिद्ध झालेलं नाही. पण आठ हिमोग्लोबिन घेऊन जगातल्या सगळ्यात महागड्या यंत्राखाली झोपलेली बाई आणि बारा घेऊन कोबाल्टखाली झोपलेली बाई, यांची तुलना यंत्राच्या नावावरून करणारा माणूस मला दाखवा.

बायकांच्या बाबतीत तर हा खेळ उलटाही खेळला जातो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बाहेरून किरण दिल्यावर आतून नळी ठेवून जवळून किरण देतात. ब्रॅकीथेरपी, आमच्या बायका म्हणतात "आतली लाईट". बाहेरचे ४५ ग्रे पंचवीस सिटिंगमध्ये आणि आतले सात-सात ग्रे चार वेळा. साधी बेरीज ७३. जैविक हिशेबाने दोन-दोनच्या सिटिंगमध्ये मांडलं तर गाठीसाठी ते ८४च्या आसपास जातात. आणि स्रोतापासून अंतर दुप्पट झालं की डोस चौथ्या भागावर येतो, त्यामुळे मूत्राशय आणि गुदाशय बरेच वाचतात. हे तंत्र रेडियमच्या काळापासूनचं, दिसायला साधं, बायकांना नको वाटणारं. अमेरिकेत १९८८ साली अशा ८३ टक्के रुग्णांना ते मिळत होतं, २००९ साली ५८ टक्क्यांना. त्याच नोंदींत ज्यांना ते मिळालं त्या जास्त जगल्या. नव्याच्या नादात जुनं सुटलं की काय होतं, त्याचा हिशेब श्रीमंत देशानेच मांडून ठेवलाय. आमच्याकडे एखादी बाई बाहेरच्या पंचवीस संपल्यावर "झालं, मशीनची संपली" म्हणून घरी येते आणि आतल्या लाईटसाठी परत जात नाही. तिला कुणी कुठला कागद वाटला?

आणि गाठ लहान असतानाच पकडली तर यातलं बरंच टळतं, हे इथल्याइतकं दुसरीकडे कुणाला कळायला हवं? शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या बावन्न गटांतल्या गावांत १,३१,७४६ बायकांवर झालेली एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीची चाचणी २००९ साली जगभर गाजली. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचे डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या बायका लातूरच्या, किल्लारीच्या बायकांच्या जावा-नणंदाच. लहान गाठीला कमी जागेत किरण पुरतात, आणि मग तंत्रातले निम्मे वाद आपोआप मिटतात.

सरकारी योजनांबद्दल दोनच वाक्यं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचाराचे दर तंत्रानुसार ठरतात, उपचार वेळेत पुरा झाला का यानुसार नाही. जिथे पैसा नावाला मिळतो तिथे नावाचीच जाहिरात होणार.

आणि हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्यासाठी लोकांना दहा-दहा सिटिंगला ये-जा करताना बघतो तेव्हा हात शिवशिवतात. आठ ग्रेची एकच सिटिंग दुखणं कमी करायला दहा सिटिंगच्या ३० ग्रेइतकीच उपयोगी पडते, हे अनेक चाचण्या एकत्र करून केव्हाच दाखवलं गेलंय. नंतर पुन्हा किरण देण्याची वेळ एका सिटिंगनंतर जास्त वेळा येते, हे खरं. पण ज्याच्याकडे काही महिने उरलेत त्याने त्यातले चौदा दिवस बसस्टँडवर का काढावेत? इथे तर सूत्राचा जैविक डोसही हरतो. ३९ विरुद्ध १४, आणि दुखणं दोघांचं सारखंच थांबतं. जिथे गाठ संपवायची नसून फक्त कळ थांबवायची असते, तिथे भिंतीचा प्रश्नच वेगळा असतो.

भाऊंची पस्तिसावी सिटिंग झाली त्या संध्याकाळी मी तो गुळगुळीत कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर महिन्यांच्या चौकटी आखल्या आणि त्यांच्या फाइलमधून एकेक तारीख बघून फुली मारत गेलो. भाऊ खाटेवर बसून पाण्याच्या घोटाबरोबर भात गिळत होते, भाकरी अजून उतरत नव्हती. मध्येच सोळा चौकटी पांढऱ्या राहिल्या. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्ये काय, हिथं मशीन बंद होती काय रं?"

"नाही," मी म्हणालो. "मशीन चालू होती."